मी न खाल्लेले पदार्थ आणि भंडारीकाका

भंडारीकाका पहिल्यांदा आमच्या दारात उभे राहिले ते माझी लबाडी पकडून. तसं त्यांनी म्हटलं नाही. म्हणायचा त्यांचा स्वभावच नव्हता. रविवारची सकाळ होती. साठीला टेकलेला, काळासावळा, आखूड मानेचा एक माणूस पायरीखाली चपला जोडून ठेवून उभा होता. हातात आमच्या गावच्या वर्तमानपत्राची रविवार पुरवणी, चौकोनी घडी घातलेली, आणि घडीच्या वरच्या बाजूला माझा लेख.

“ह्ये तुमीच लिवता न्हवं?”

मी छाती जराशी पुढे काढून हो म्हटलं. वाचक घरापर्यंत येण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

“आइसलँडात शार्क मासा सडवून, वाळवून खात्यात म्हणून लिवलंय. तुमी खाल्लाय?”

“म्हणजे... तसा अभ्यास केलाय मी.”

“मी खाल्लाय. दोन डाव.” त्यांनी घडी उलगडली. माझ्या लेखाखाली पेन्सिलीनं रेघा मारलेल्या होत्या. “त्येचा वास तुमी सडक्या अंड्यागत लिवलाय. तसा न्हाय येत. उन्हाळ्यात एस्टी स्टँडच्या मुतारीत शिरलं की नाकात चढतो आन डोळ्यात पाणी येतं बगा, तसा येतो. आन लोक रोज न्हाय खात त्ये. थंडीतल्या सणाला खात्यात, एवढा एवढा तुकडा, काडीला टोचून. तितली पोरं बी नाक मुरडत्यात.”

चहा घेऊन येणारी माझी बायको सुरेखा ‘मुतारी’ हा शब्द ऐकून उंबऱ्यातच थांबली. काकांनी तिला नमस्कार केला, कप घेतला, एक घोट घेऊन म्हणाले, “आलं शेवटी टाकलंय वैनी. बरं केलं.” त्या दिवसापासून सुरेखा त्यांच्या पक्षात गेली ती कायमची.

माझ्या लबाडीबद्दल थोडं सांगायला हवं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. पुरवणीत एक कोपरा रिकामा राहत होता म्हणून संपादकांनी मला काहीतरी मजेदार लिहायला सांगितलं आणि मी ‘जगाचं ताट’ नावाचं सदर सुरू केलं. फिलिपाइन्समध्ये पिल्लू तयार झालेलं बदकाचं अंडं उकडून खातात, इटलीतल्या एका बेटावर जिवंत अळ्यांचं चीज खातात, अशा गोष्टी मी इंटरनेटवरून गोळा करायचो आणि वर आपल्या पदरचा मसाला घालायचो. लोकांना किळस येईल तितकं आवडायचं. ‘जिभेवर ठेवताच ती वळवळली’ असं वाक्य मी एकदा लिहिलं. कुणाची जीभ ते लिहिलं नाही.

खरी जीभ पाहायची तर मी लिंगायत घरातला. अंडं आयुष्यात खाल्लेलं नाही. पण ते धर्माचं झालं. माझं दुखणं त्याच्याही पलीकडचं. दुधावरची साय ओठाला लागली तरी माझ्या अंगावर काटा येतो. कालच्या दह्याला मी आज तीनदा हुंगतो. मेहुणीच्या लग्नाला हैदराबादला गेलो तेव्हासुद्धा घरून डबा नेला होता. आणि असा मी लग्नसमारंभात उभा असलो की लोक जवळ येऊन विचारायचे, “सर, विंचू खरंच कुरकुरीत लागतो का ओ?” मी जरा लांब पाहायचो आणि म्हणायचो, “तळणीवर अवलंबून आहे.”

काकांचं नाव बाबूराव. गाव नातेपुत्याजवळचं. तरुणपणी घरातून निघून मुंबईच्या गोदीत गेले, तिथून मालवाहू जहाजाच्या मुदपाकखान्यात चिकटले आणि वीसेक वर्षं समुद्रावरच राहिले. जहाजावर आचाऱ्याला भंडारी म्हणतात. ते नाव त्यांच्याबरोबर जमिनीवर उतरलं. बायको लवकर वारली होती, मूलबाळ नव्हतं. सोलापुरात येऊन त्यांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्याशेजारी पत्र्याचं कॅन्टीन टाकलं आणि मागच्या खोलीत बिऱ्हाड केलं. सकाळच्या पाळीतले कामगार सायकली भिंतीला लावून आधी त्यांच्याकडे यायचे, मग यंत्राकडे.

त्यानंतर दर रविवारी ते यायचे. माझा लेख तपासायचे, आणि मग खुर्चीत मांडी घालून ज्या गोष्टी मला इंटरनेटवर कधीच मिळाल्या नसत्या त्या सांगायचे. ते बदकाचं अंडं त्यांना एका फिलिपिनो खलाशानं शिकवलं होतं. वरून छोटं भोक पाडायचं, आतलं पाणी आधी चोखून घ्यायचं, मग मीठ. “पहिल्या डावाला मी डोळे मिटलं. त्यो गडी रडाया लागला. म्हणला, माजी आई हेच विकून आमाला शिकवती. मग मी डोळे उघडून दुसरं खाल्लं.”

“कसं लागलं?” मी वही सरसावून विचारलं.

“त्येच्या आईनं केल्यागत लागलं,” काका म्हणाले. मी चिडून पेन खाली ठेवलं. हे छापता येण्यासारखं नव्हतं. लोकांना अंड्यातल्या पिल्लाची पिसं हवी होती.

एकदा सुरेखानं त्यांना विचारलं, “काका, तुम्ही खाल्लेला सगळ्यात घाण पदार्थ कोणता हो?” घाण हा शब्द त्यांना खपत नसे. तरी तिनं विचारलं म्हणून ते बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, “एका इंग्रज कप्तानानं माज्यावर खूश होऊन स्वताच्या हातानं भेंडी केली. पाण्यात उकडल्याली. मीठ न्हाय, फोडणी न्हाय, आन बोटभर लांब. वैनी, त्ये मातर माज्यानं गिळंना.” सुरेखा हसून हसून स्वयंपाकघरात पळाली.

त्यांच्या कॅन्टीनला एकच नियम होता. दुसऱ्याच्या डब्याकडे बघून ‘ई’ म्हणायचं नाही. म्हणणाऱ्याला त्या दिवशी चहा मिळत नसे. मी एकदा विचारलं, हे खूळ कुठून आणलंत? त्यांनी बहात्तरच्या दुष्काळाचं सांगितलं. तेव्हा ते लहान होते. रेशनवर परदेशातून आलेला मिलो मिळायचा, लाल ज्वारी. अमेरिकेत हे जनावरं खातात, असं गावात सगळे म्हणायचे. ती लाल भाकरी पाहून ते ताटावरून उठले तेव्हा आईनं हात धरून खाली बसवलं होतं. “म्हणली, तोंड वाकडं करून खाऊ नगं बाबू. अन्नाला कळतं.” पुढे ह्यूस्टनच्या बंदरात त्यांनी तेच धान्य जहाजात भरताना पाहिलं. ढिगाकडे बोट दाखवून शेजारच्या गोऱ्या खलाशानं सांगितलं, गुरांचं खाद्य. काकांनी खाली सांडलेले मूठभर दाणे उचलले आणि त्याच्या देखत चावून खाल्ले. “त्यो बघतच ऱ्हायला. मला काय इंग्रजीत सांगता येत न्हवतं.”

हेही मी छापलं नाही. त्यात किळस नव्हती. पण शार्कचा तुकडा, अंड्याचं भोक, स्वीडनमध्ये आंबवलेल्या माशाचा डबा घराबाहेर का उघडतात ते, असं त्यांच्याकडून ऐकलेलं बाकी सगळं मी छापलं आणि ‘मी’ म्हणून छापलं. काकांचं नाव एकदाही घातलं नाही. ते दर रविवारी वाचायचे आणि म्हणायचे, “ह्या डावाला बरोबर लिवलंय.” मला वाटायचं, त्यांच्या लक्षात येत नाही.

मग तो लेख लिहिला गेला. परदेश संपत आला होता, संपादकांचे फोन येत होते, तेव्हा मला वाटलं आपल्या गावाकडे वळावं. आमच्याकडे रक्ती मिळते. बोकडाचं रक्त गोठवून, उकडून, त्याचे तुकडे कांद्यात आणि तिखटात परततात. स्वस्त असते, कष्टाची माणसं खातात. मी त्यावर हजार शब्द खरडले. विनोदी झाले होते, हे आज कबूल करताना लाज वाटते. शेवटचं वाक्य असं होतं: ‘हे खाणाऱ्यांच्या जिभेला चव नावाची गोष्ट कुणी शिकवलीच नसावी.’ त्या वाक्यावर मी खूश होतो. सुरेखाला मोठ्यानं वाचूनही दाखवलं. ती म्हणाली, “काकांना विचारलंत का?” मी म्हणालो, याला कशाला विचारायचं, हे तर आपल्याच गावातलं आहे.

त्या रविवारी काका आले, पण बसले नाहीत. दारातूनच म्हणाले, “सर, राजव्वानं आज डबा आणला न्हाय.”

राजव्वा त्यांच्या कॅन्टीनमध्ये भाकऱ्या करायची. पद्मशाली घरातली, घरी तेलुगू बोलणारी, पन्नाशीची बाई. आधी विड्या वळायची. शनिवारी आणि रविवारी तिच्या डब्यात रक्ती असायची आणि काका त्यातले दोन तुकडे हक्कानं घ्यायचे, हे मला त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. रविवारची पुरवणी आधीच छापून होते आणि शनिवारी दुपारीच एमआयडीसीत पोचते हेही मला ठाऊक होतं. मी म्हणालो, “अहो, ते गमतीनं लिहिलंय.”

“व्हय,” काका म्हणाले. “गमत झाली तितं. मोठ्यानं वाचली सगळ्यांनी.” आणि चपला घालून गेले.

पुढचे चार रविवार ते आले नाहीत. मी सुरेखाला सांगायचो की बरंच झालं, सकाळ मोकळी मिळते. ती मात्र आलं शेवटी टाकलेला चहा दोन कप जास्त करायची आणि मलाच तीन कप प्यायला लावायची.

पाचव्या रविवारी शहरातल्या एका वाचक मंडळानं माझा सत्कार ठेवला होता. संध्याकाळी सहाला व्याख्यान, विषय ‘जगाच्या ताटातले धक्के’. मी लग्नातला रेशमी झब्बा घातला. आधी कांदाभजी आणि चहा झाला. व्याख्यान रंगलं. आणि शेवटी मंडळाच्या अध्यक्षीणबाई हसत उठल्या. त्यांची मुलगी कोरियात असते. तिनं खास माझ्यासाठी एक डबा पाठवला होता. रेशमाच्या कोषातल्या अळ्या, शिजवलेल्या. त्यांनी तो माझ्यासमोर बशीत ओतला. तपकिरी, सुरकुतलेल्या, पाठीवर रेघा असलेल्या पंधरा-वीस अळ्या, आणि ओल्या लाकडासारखा वास. “सरांनी आपल्या सगळ्यांसमोर चव घ्यावी आणि वर्णन करावं!” टाळ्या पडल्या.

माझा जबडा बंद झाला तो उघडेना. मी चमचा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. कपाळावरून घाम नाकावर आला. मग माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी म्हणालो, “आज माझा उपवास आहे.”

पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, “अहो, आत्ता तर सहा भजी खाल्लीत की!”

सभागृह हसायला लागलं. त्या हसण्यातून मागच्या रांगेतला एक माणूस उठून पुढे येताना दिसला. भंडारीकाका. जाहिरात वाचून आले होते. मला वाटलं, आता हा माणूस चार रविवारचा हिशेब चुकता करणार, आणि त्याचा हक्कच आहे.

काकांनी अध्यक्षीणबाईंना विचारलं, “मी खाऊ का?” एक अळी उचलून तोंडात टाकली, सावकाश चावली आणि डोळे मिटले. “बुसान बंदरात कागदाच्या पेल्यात मिळत्यात,” ते म्हणाले. “रेशमाच्या कारखान्यात बाया कामाला असायच्या. कोष उकळत्या पाण्यात टाकायचा, धागा सोडवून घ्यायचा. आत आळी शिजून ऱ्हाती. धागा मालकाचा. आळी बायांची. त्यांनी खाल्ली, लेकरांना घातली. तितल्या एका म्हातारीनं मला खुणा करून समदं सांगितलं, आन पेला भरून दिला. पैलं सुताचा वास येतो. मग शेंगदाणा उकडल्यागत लागतं.” त्यांनी समोर पाहिलं. “आपल्या गावात सुताचा वास कुणाला सांगाया नगं.”

कुणी हसलं नाही. त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांची आईबापं मागावर किंवा गिरणीत राबलेली होती.

मग ते माझ्याकडे वळले. “सर शाकाहारी हायत. त्यांनी ह्ये खाऊ नये. त्यांच्या अंगावरचं रेशीम ह्याच आळीचं हाय, तेवढं बास झालं.” माझ्या झब्ब्याच्या आत पाठीवर काहीतरी चालल्याचा मला भास झाला आणि मी सगळ्यांसमोर खांदे उडवले. आता मात्र हॉल पुन्हा हसला आणि काकाही हसले. त्या हसण्यानं माझा जबडा सुटला. मी माइक ओढून घेतला आणि सांगून टाकलं की मी यातलं काहीही खाल्लेलं नाही, अंडंसुद्धा नाही, आणि जे खरं वाटलं ते सगळं या माणसाचं होतं. वाक्यं नीट जुळली नाहीत. सत्काराचा नारळ मी काकांच्या हातात दिला. त्यांनी तो हलवून पाहिला आणि म्हणाले, “पाणी हाय.”

पुढच्या रविवारी मी हेच सगळं सदरात लिहिलं, काकांचं नाव घालून. रक्तीच्या लेखाबद्दल माफी मागितली. संपादकांनी तो छापला आणि फोन करून म्हणाले, “सर, लेख चांगला आहे, पण आता मजा येणार नाही लोकांना.” सदर बंद झालं. त्या कोपऱ्यात हल्ली शब्दकोडं असतं.

छापून माफी मागणं सोपं होतं. राजव्वाला वाचता येत नव्हतं. म्हणून मी एका दुपारी कॅन्टीनवर गेलो. ती परातीपाशी बसली होती. मी चाचरत म्हणालो, “चुकलं माझं.”

तिनं भाकरी उलटली. “मला वाचाया येत न्हाय सर. सगळे वाचून दाखवले. हसले. मी पण हसले. काय करणार?” मग पीठ झटकून म्हणाली, “घरी जाऊन भांडे घासताना वाटलं, माजी आई गरीब होती. लई गरीब होती. पण तिला चव नव्हती, असं नव्हतं की ओ.”

ती म्हणाली, “बसा. जेवा.” मी बाकावर बसलो. माझ्या ताटात भाकरी आणि शेंगांची चटणी. समोर तिनं आपला डबा उघडला. मी सभ्यपणे मान डोलावत जेवायला लागलो. दोन घासांनंतर ती म्हणाली, “सर, श्वास घ्या की. मरताव.” मी दोन मिनिटं श्वास रोखून बसलो होतो हे मला तेव्हा कळलं. पलीकडे काका तोंडाला गमछा लावून हसत होते. मला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

दोन वर्षांनी काकांच्या घशात गाठ निघाली. तीस-बत्तीस वेळा किरणांचे शेक दिले. गाठ थोडी दबली, पण जिभेची चव पूर्ण गेली. ज्या माणसानं चार समुद्रांचं मीठ ओळखलं त्याला आता साखर आणि माती सारखीच लागत होती. तक्रार नव्हती. फक्त एकदा मला म्हणाले, “सर, आता मी बी तुमच्यासारखाच झालो. नुसतं ऐकून खायाचं.” मी हसायचा प्रयत्न केला. तो जमला नाही.

शेवटच्या आठवड्यातली एक दुपार. मागच्या खोलीत काका कॉटवर उशीला टेकून बसले होते, हडकले होते, आवाज अगदी बारीक झाला होता. राजव्वा डबा घेऊन आली. शनिवार होता. काकांनी डब्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, “सर, कसं झालंय सांगा की.”

मी डब्यात पाहिलं. मला फार वाटलं की एक तुकडा उचलावा. हात पुढेही गेला. पण नाही उचलू शकलो. माझं धैर्य तिथवरच पोचतं. मी राजव्वाला म्हणालो, “तुम्ही खा. तुम्ही सांगा.”

असं तिला कुणी कधी विचारलं नसावं. तिनं एक घास घेतला आणि तोंडावर पदर धरून थोडी लाजली. मग थांबत थांबत सांगू लागली. पहिल्यांदा तवा तापल्यासारखा वास येतो. मग कांदा गोड लागतो, कारण तो सावकाश परतलाय. तुकडा दातांत धरावा लागत नाही, आपोआप सुटतो. तिखट मागून येतं, घशापाशी. आई विड्यांचं काम आटपून आली की चुलीपाशी बसून करायची, आणि सगळ्यांत मोठा तुकडा धाकट्याला द्यायची. ती बोलत होती आणि काका डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा रिकामा जबडा अगदी हळू हलत होता. तिच्याबरोबर ते एकेक घास चावत होते.

ती थांबली. काकांच्या कपाळाला बारीक आठी पडली.

“राजव्वा, मीठ कमी पडलंय बग.”

तिनं अविश्वासानं दुसरा घास तोंडात घातला, चावला, आणि मीठ आणायला उठली.